मुरमाची वाट

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वाडीला जाणारा रस्ता नऊ किलोमीटरचा आहे. अकोले तालुक्यात, राजूरच्या पश्चिमेला, सह्याद्रीची मुख्य रांग जवळ येऊ लागते तिथे डांबरी रस्त्याला एक फाटा फुटतो. फाट्यावर एस.टी. थांबते, चहाची एक टपरी आहे, दूध घेण्याची एक खोली आहे. तिथून पुढे खडी आणि मुरूम. दोन्ही बाजूंना हिरडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या आणि मध्ये दोन ओढे. हायस्कूल फाट्यापलीकडे असल्यामुळे आठवीपासून बारावीपर्यंत मी या रस्त्यावर वडिलांची सायकल चालवली. तेव्हा मला तो रस्ता म्हणजे रोजची शिक्षा वाटे. गेल्या डिसेंबरात मात्र मला असे कळले की, मोटारी नसलेल्या रानातल्या खडीच्या रस्त्यावर सायकल चालवणे हा जगात एक मोठा छंद आहे, त्याला 'ग्रॅव्हल सायकलिंग' असे नाव आहे, आणि त्यासाठी लोक सायकल खोक्यात घालून विमानाने परदेशी जातात.

हे कळले ते असे. एका रविवारी नाशिकहून चार सायकलस्वार आमच्या अंगणात थांबले. त्यांनी पाणी मागितले, आजीने कोरा चहा ठेवला. त्यांच्या सायकलींचे हँडल खाली वळलेले, मेंढ्याच्या शिंगांसारखे. टायर चांगले रुंद, वर बारीक गाठी. त्यांतले एक दादा म्हणाले, "आजी, नऊ किलोमीटरमध्ये एकसुद्धा गाडी भेटली नाही! असा रस्ता आता कुठे राहिलाय? हा डांबरी होऊ देऊ नका." आजी चुलीपासून म्हणाली, "व्हय बाबा. पावसाळ्यात या एकदा चालवायला." त्यांना वाटले, आजी आग्रहाने पुन्हा बोलावते आहे. त्यांनी नक्की येण्याचे कबूल केले.

मी काही बोलले नाही. मला दोघांचेही पटले होते. पुढे महाविद्यालयात परत आल्यावर ग्रंथालयात आणि फोनवर जे जे सापडले ते वाचत गेले, आणि ज्या रस्त्यावर पाच वर्षे घाम गाळला तो मला थोडा थोडा समजू लागला.

प्रथम चाकाविषयी. त्या दादांनी मला त्यांची सायकल चढावर एक फेरी चालवू दिली. मला सर्वांत नवल वाटले ते हे की सायकल दणके देत नव्हती. मी विचारले, खाली स्प्रिंग कुठे आहे? ते हसले आणि म्हणाले, "स्प्रिंग नाही, हवा कमी आहे." आम्ही तर शाळेला निघताना पंपावर लोंबकळून टायर दगडासारखा टणक करीत असू. टणक टायर हलका पळतो ही आमची पक्की समजूत. गुळगुळीत डांबरावर ती खरीही आहे. पण खडीवर टणक चाक प्रत्येक खड्यावरून उडी मारते. त्या प्रत्येक उडीत सायकल आणि वर बसलेले माणूस थोडे थोडे उचलले जाते. उचलण्याची ही ताकद पायांतूनच जाते आणि पुढे जाण्यासाठी तिचा काही उपयोग होत नाही. मऊ टायर खडा आपल्या पोटात घेतो, चाक सरळ जाते, माणूस जागच्या जागी राहते. शर्यतीच्या अरुंद टायरमध्ये ऐंशी ते शंभर पौंड हवा भरतात, तिथे खडीच्या रुंद टायरला तीस-चाळीस पौंड पुरते. फारच कमी ठेवली तर दगड आणि रिंग यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. असे पंक्चर मी तीनदा काढले आहे. कारण मात्र आता समजले.

हवेचे हे चाक १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केले. त्या आधीची चाके लोखंडाची किंवा भरीव रबराची असत. म्हणजे हवेच्या चाकाचा जन्मच मुळी खडबडीत रस्त्याचे दणके चुकवण्यासाठी झाला, वेगाचा मान त्याला मागाहून मिळाला.

आता मौज पाहा. ग्रॅव्हल सायकलीचा टायर साधारण पस्तीस ते पन्नास मिलिमीटर रुंद असतो. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलीच्या टायरवर '२८ × १ १/२' असे उठवलेले आहे. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर! फाट्यावर दुधाच्या किटल्या नेणारी आमची सायकल रुंदीच्या हिशेबाने पहिल्यापासून या नव्या छंदाच्या गोतावळ्यातली आहे. भेद आहे तो वजनात, गिअरमध्ये आणि ब्रेकमध्ये. त्यांची सायकल दहा किलोच्या आसपास, आमची वीसच्या पुढे. त्यांच्याकडे चढासाठी हलके गिअर, आमच्याकडे उतरून ढकलणे हाच गिअर. आणि पावसात आमचे सळईचे ब्रेक म्हणजे देवाचे नाव. दुसऱ्या ओढ्याच्या उतारावर ब्रेकपेक्षा माझ्या चपलांचे तळवेच जास्त झिजले असतील.

चालवण्याची रीत मात्र कोणी न शिकवता अंगी आली होती, हे वाचताना लक्षात आले. चढावर उभे राहून पायडल मारले की वजन पुढे जाते, मागचे चाक मोकळे पडून खडीवर गरगर फिरते. म्हणून बसूनच रेटायचे. उतारावर पुढचा ब्रेक जपून लावायचा आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. हँडल घट्ट धरायचे नाही. नजर पुढच्या चाकावर न ठेवता पंधरा-वीस पावले पुढे ठेवायची, कारण ज्या दगडाकडे आपण बघतो त्यावरच जातो. हे शेवटचे मला आईने सांगितले होते, आणि ती जन्मात सायकलीवर बसलेली नाही. डोक्यावर हंडा घेऊन उतरताना तिने ते जाणले होते.

परंतु सायकलीपेक्षाही रस्त्याची गोष्ट मोठी आहे. खडीचा रस्ता म्हणजे नुसती टाकलेली खडी नव्हे. जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये हे शास्त्र बसवले. त्याचे म्हणणे असे की, पायाला मोठाले धोंडे लागत नाहीत. जमीन कोरडी राहिली तर तीच भार घेते. तिच्यावर लहान, कोनदार, फोडलेल्या दगडांचा थर द्यावा. वरचा एकही दगड दोन इंचांपेक्षा मोठा नसावा. रस्त्याची पाठ मध्ये किंचित उंच ठेवावी, म्हणजे पाणी कडेला जाते. दगड फोडलेलाच पाहिजे, कारण फोडलेल्या दगडाला कडा असतात आणि त्या एकमेकांत अडकतात. नदीतला गोल गोटा कितीही दाबला तरी चाकाखाली सरकतोच. पुढे या थरावर पाणी आणि बारीक भुकटी घालून रोलर फिरवण्याची पद्धत आली. आमच्याकडे ती भुकटी म्हणजे मुरूम, म्हणजेच कुजलेला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा सह्याद्रीचा हा भाग; त्यामुळे खडी आणि तिला धरून ठेवणारा मुरूम दोन्ही त्याच डोंगराचे.

मी हे आजीला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "दोन इंच म्हंजी केवढं?" मी बोटांनी दाखवले. ती म्हणाली, "लिंबाएवढं. मुकादम तेच वरडायचा."

आजी सोळा वर्षांची असताना १९७२ चा दुष्काळ पडला. तिच्या माहेरचे सारे घर संगमनेरच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते. लाल मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, असे ती सांगते. त्याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना महाराष्ट्रभर रुजली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. लग्न होऊन आजी आमच्या वाडीत आली त्यानंतर काही वर्षांनी फाट्यापासूनचा हा रस्ता हमीवर निघाला. ढीग रचायचा, मुकादमाने फूटपट्टी लावायची, ब्रासवर मजुरी. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास हे मी शाळेत शिकण्याआधी आजीकडून शिकले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी तिला हातोडीचे जे घट्टे पडले ते अजून आहेत. नाशिकच्या त्या दादांना ज्या पृष्ठभागाचे इतके कौतुक वाटले तो या हातांनी फोडलेला आहे, हे त्यांना सांगायचे माझ्याकडून राहून गेले.

मग हे रस्ते जगात सगळीकडे डांबरी का झाले? याचे उत्तर वाचून मी थक्क झाले. बैलगाडी व घोडागाडीच्या लोखंडी धावेखाली दगड थोडा भरडला जाई आणि ती भुकटी फटींत बसून रस्ता उलट पक्का होई. मोटारीचे वेगाने फिरणारे रबरी चाक मात्र तीच भुकटी ओढून बाहेर फेकते. भुकटी गेली की दगड मोकळे, दगड मोकळे की खड्डे. शिवाय मोकळ्या मुरमावर वेगाने चाके गेली की आडव्या लाटा उठतात. आमच्या फाट्याजवळच्या पहिल्या अर्ध्या किलोमीटरवर, जिथवर जीपगाड्या येतात, तिथे त्या स्पष्ट दिसतात. चाक एका उंचवट्यावरून किंचित उडते, पुढे आपटून खळगा करते, तिथून पुन्हा उडते. वेग एका मर्यादेपेक्षा कमी असेल तर लाटा उठत नाहीत. इंग्लंडमध्ये १९०२ साली एडगर हूली याने डांबर मिसळलेल्या खडीचे पेटंट घेतले ते मोटारींची धूळ आणि ही मोडतोड थांबवण्यासाठीच. थोडक्यात, खडीचा रस्ता मोटारीला सोसत नाही आणि सायकलीने त्याचे फारसे काही बिघडत नाही.

यात आणखी एक गंमत दडलेली आहे. चांगले रस्ते हवेत अशी ओरड सर्वांत आधी कोणी केली? सायकलवाल्यांनी! अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेली सायकलस्वारांची संघटना 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमन' आणि इंग्लंडमध्ये १८८६ ची 'रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन' या दोघांनी रस्ते सुधारावेत म्हणून मोहिमा चालवल्या. तेव्हा मोटार जवळजवळ नव्हतीच. रस्ते सुधारले, आणि त्यांवरून मोटारी आल्या. आज त्यांचेच वंशज मोटारी नसलेली वाट शोधत रानात शिरत आहेत.

चिखलातल्या सायकलीची खरी परीक्षा कोणी दिली असेल तर ती अमेरिकन सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय सैनिकांनी. १८९७ च्या जूनमध्ये रॉकी पर्वतातील मिझूला या गावाहून ते निघाले आणि एकेचाळीस दिवसांत एकोणीसशे मैल सायकल चालवून सेंट लुई शहरी पोचले. सामान सायकलीला बांधलेले, रस्ते कच्चे, चाकांना चिखल चिकटून फिरेनात, तेव्हा कित्येक ठिकाणी रेल्वेच्या स्लीपरांवरून सायकली ढकलल्या. सायकल सैन्याच्या उपयोगी पडते हे त्यांनी सिद्ध केले, पण पुढे सैन्याने तो प्रयोग सोडून दिला. त्यांची छायाचित्रे मी फोनवर पाहिली. उन्हात रापलेले चेहरे, हातात सायकल. आमच्या वाडीतला कोणीही त्या रांगेत उभा केला असता तर वेगळा दिसला नसता.

आज हा छंद जिथे फोफावला आहे ते प्रदेश पाहिले तर एक समान गोष्ट दिसते. रस्ता कोणीतरी वेगळ्याच कामासाठी केलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत लाकूड काढण्यासाठी व वणवे विझवण्यासाठी केलेले सुमारे सहा लाख किलोमीटर रस्ते आहेत. लाकूड संपले की पुष्कळ रस्त्यांवर फाटक लागते आणि मोटारी थांबतात. जर्मनीच्या श्वार्त्सवाल्ड या डोंगराळ अरण्यात वनखात्याच्या रस्त्यांवर खासगी मोटारीला बंदी आहे, सायकलीला नाही. मात्र तिथल्या राज्याचा नियम असा की वाट दोन मीटरपेक्षा रुंद असेल तरच सायकल न्यावी, अरुंद पाऊलवाट चालणाऱ्यांची. इटलीत टस्कनी प्रांतात पांढऱ्या चुनखडीच्या रस्त्यांवर डांबर पडू लागले, तेव्हा ते वाचवण्यासाठी १९९७ पासून गायोले या गावी जुन्या सायकलींचा एक मेळा भरू लागला. त्याचे नाव 'लेरोइका'. पुढे त्याच पांढऱ्या रस्त्यांवर नामांकित शर्यत सुरू झाली. रस्ता खडीचा राहिला म्हणून त्या गावांना पाहुणे मिळाले. हे वाचताना मला नाशिकच्या दादांचे म्हणणे पुन्हा पटले. पण टस्कनीच्या शेतकऱ्याला दवाखान्यात जायला दुसरा डांबरी रस्ता आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्याकडेही असे रस्ते आहेत. वणवा पसरू नये म्हणून वनखाते उन्हाळ्याआधी गवत जाळून जे पट्टे मोकळे करते त्या जाळरेषा, आणि जुने वनरस्ते. अभयारण्याच्या हद्दीत अर्थात परवानगीशिवाय जाता येत नाही. आमच्या भागात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ पासून आहे. मोटार नसण्याचे मोल काय, हे मात्र आमच्या भागाला मे अखेरीस दरवर्षी कळते. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. ते पाहायला रात्री गाड्यांच्या रांगा लागतात. काजव्याचा नर लुकलुकून मादीला खूण करतो. गाडीचा झगझगीत दिवा पडला की ती खूण दिसतच नाही. आमच्या वाडीच्या वाटेवर मी दिवा नसलेल्या सायकलीवरून, उशीर झाला म्हणून आईची बोलणी खायच्या भीतीने, त्या झाडांखालून गेले आहे. तेवढा एक प्रवास तरी मला शिक्षा वाटला नव्हता.

असो. आता ज्या रात्रीमुळे आजी "पावसाळ्यात या" म्हणाली ती सांगते. मी नववीत होते. जुलै महिना. धाकट्या काकाला बांधावर फुरसे चावले. जीप ओढ्यापलीकडून येईना. वडिलांनी काकाला सायकलीच्या कॅरिअरवर बसवले, मागून दोघांनी धरले, मी पुढे कंदील घेऊन. कोरड्या दिवसात ज्या रस्त्याला मला पाऊण तास लागे त्याला त्या रात्री अडीच तास लागले. मुरूम वाहून गेला होता, नुसते दगड उरले होते, आणि आजीच्या लिंबाएवढ्या खडीवरून सायकल घसरत होती. फाट्यावरून गाडी मिळाली, दवाखान्यात सापाच्या विषावरचे औषध मिळाले, काका वाचला. पायाला जखम चिघळली होती, त्यामुळे तो अजून लंगडतो. त्या रस्त्यावर त्या रात्री एकही मोटार नव्हती.

आता या वर्षी रस्ता डांबरी होण्याचा योग आला आहे. ग्राम सडक योजनेत डोंगराळ व आदिवासी भागासाठी अडीचशे लोकवस्तीची अट असे, आणि आमची घरे एकतीस. म्हणून आजवर राहिले होते. आता दुसऱ्या निधीतून होईल असे म्हणतात. अडचण अशी की नऊपैकी दोन किलोमीटर वनजमिनीतून जातात. वाडीत महाविद्यालयात शिकणारी मी एकटीच, म्हणून कागद माझ्याकडे आले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात सोय आहे: ग्रामसभेने शिफारस केली तर रस्ता, शाळा, दवाखाना अशा कामांसाठी प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत. मी गणित मांडले. दोन हजार मीटर लांब, चार मीटर रुंद, म्हणजे आठ हजार चौरस मीटर, शून्य पूर्णांक आठ हेक्टर. बसते. सहा मीटर रुंदी मागितली असती तर बसले नसते. काही जण सहाच मागा म्हणत होते, दोन जीपगाड्या शेजारून जातील म्हणून. मी चारवर अडून बसले. ठराव मीच लिहिला आणि मीच वाचला. डांबर मागणारा ठराव.

मात्र वाचून झाल्यावर मी आणखी एक गोष्ट मांडली. वाडीच्या पुढे घाटमाथ्यापर्यंत चार किलोमीटरची जुनी वाट जाते. तिच्यावरही हमीचीच खडी आहे, घर एकही नाही, आणि ती अभयारण्याबाहेर आहे. तिच्या तोंडाशी दोन दगडी खांब घालून साखळी लावावी. माणूस, गुरे आणि सायकल जाईल, मोटार जाणार नाही. येतील त्या सायकलवाल्यांना वाडीत भाकरी द्यावी, पैसे घ्यावेत. लोक हसले. सरपंच म्हणाले, "साखळीची चावी कोणाकडं ऱ्हाणार?" एकाने विचारले, हिरड्याच्या दिवसांत टेम्पो कसा न्यायचा? हा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. काका मागे भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "हिरड्याचं दीड महिना साखळी काढून ठिवा की."

डांबराचा ठराव एकमताने मंजूर झाला. साखळीचा विषय पुढच्या ग्रामसभेवर ठेवला आहे. आजीला मी विचारले, तुझ्या खडीवर डांबर पडणार, तुला काय वाटते? ती म्हणाली, "खालून खडी लागतीच की त्याला."